वॉशिंग मशीन किती वर्षांचे, किती धुण्यांचे?

लग्नसराई जवळ आली की नगरमध्ये कापड बाजारापासून सावेडीपर्यंतच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. फ्रिज, कपाट, मिक्सर आणि त्यांच्या जोडीला वॉशिंग मशीन. भाव, रंग आणि किलो ठरले की मुलीचे वडील किंवा भाऊ शेवटी एकच प्रश्न विचारतात, की हे टिकेल किती वर्षे? दुकानदार मशीनच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवतो. कागदावर ठळक अक्षरांत दहा वर्षे छापलेले असते. पाहुणे निश्चिंत होतात आणि बिल फाडले जाते.

त्या कागदावर खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते आधी पाहू. बहुतेक कंपन्यांची दहा किंवा बारा वर्षांची वॉरंटी ही फक्त मोटरची असते. संपूर्ण मशीनची वॉरंटी साधारणपणे दोन वर्षांची असते, काही ठिकाणी त्याहून कमी किंवा जास्त. म्हणजे पाचव्या वर्षी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह गेला, सहाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले किंवा सातव्या वर्षी बेअरिंग ओरडू लागले, तर खर्च आपला. मोटर खरोखर जळली तरी घरी येण्याचे शुल्क आणि मजुरी बहुधा वेगळी द्यावी लागते. शिवाय आजकालच्या मशीनमध्ये मोटर हा सर्वात दणकट भाग असतो. जो भाग सहसा बिघडत नाही त्याचीच हमी सर्वात मोठी आहे, हे व्यापाराच्या दृष्टीने ठीकच आहे. पण त्याला मशीनचे आयुष्य समजू नये.

मग खरे आयुष्य किती? सरकारी कागदांत याचे एक उत्तर आहे. २०१६ च्या ई-कचरा नियमांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरगुती उपकरणांची सरासरी आयुर्मर्यादा ठरवून दिली होती. किती जुना माल भंगारात येईल याचा अंदाज कंपन्यांना बांधता यावा, हा त्यामागचा हेतू. त्यात फ्रिजला १० वर्षे आणि वॉशिंग मशीनला ९ वर्षे धरलेली आहेत. हा आकडा सगळ्या देशाचा आहे. मुंबईच्या दोन खोल्यांतले तिघांचे कुटुंब त्यात आहे आणि भिंगारच्या वाड्यातले अकरा माणसांचे कुटुंबही.

आमच्या मते वर्षे मोजण्याची ही पद्धतच आपल्या घरांना लागू पडत नाही. मोटारसायकल किती वर्षांची आहे यापेक्षा ती किती किलोमीटर चालली हे मेकॅनिक आधी पाहतो. मशीनचेही तसेच आहे. चौघांच्या घरात ते दिवसाआड एकदा फिरते, म्हणजे वर्षाला सुमारे १८० धुणी. नऊ वर्षांत ही संख्या १,६०० च्या आसपास जाते. सासू-सासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि पाच लेकरे असलेल्या घरात तेच मशीन रोज दोनदा फिरते, म्हणजे वर्षाला ७३०. पहिल्या घराची नऊ वर्षे हे घर सव्वादोन वर्षांत संपवते! तरीही त्या घरात मशीन सात-आठ वर्षे चालले तर ते लवकर गेले असे म्हणू नये. त्याने इमानेइतबारे नोकरी केली आहे.

वजनाचा हिशेबही असाच चुकतो. साडेसहा किलोचे मशीन म्हणजे साडेसहा किलो कोरडे कपडे, तेही सुती. जीनची एक पँट अर्ध्या किलोच्या वरच भरते. नगर जिल्ह्यात थंडी कडक, त्यामुळे घरोघरी गोधड्या आणि जाड चादरी. गोधडी कोरडी असताना मशीनमध्ये मावते, पण भिजली की तिचे वजन कितीतरी वाढते. ती ड्रायरमध्ये एका बाजूला गोळा झाली की सगळा टब लंगडत फिरतो. बेअरिंग आणि टब धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा अशा दहा-वीस फेऱ्यांत खिळखिळ्या होतात. गोधडी दगडावर किंवा टेरेसवर पायाने तुडवून धुण्याची आपल्या आजीची पद्धत मशीनच्या तब्येतीला आजही सर्वात मानवणारी आहे.

पण आपल्या भागात मशीनचे आयुष्य सर्वाधिक खाते ते पाणी.

नगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. मुळानगर आणि विळदच्या उपसा केंद्रांतून ते वसंत टेकडीवर चढते आणि तिथून शहरात येते. हे पाणी धुण्याला चांगले असते. अडचण ही की ते रोज येत नाही, आणि वीज खंडित झाली की आणखी एखादा दिवस पुढे जाते. मुकुंदनगर असो, केडगाव असो की भिंगार, ज्या घरात माणसे जास्त तिथे नळाचे पाणी पिण्या-स्वयंपाकाला राखून ठेवतात आणि धुणे बोअरच्या पाण्यावर जाते. उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. (याच शहरात निजामशाहीच्या काळात आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले होते. पाण्याची ओढाताण नगरला नवी नाही.)

बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. यालाच आपण जड पाणी म्हणतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अशी कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरेच्या कालव्यांखालच्या उसाच्या पट्ट्यात, वर्षानुवर्षांच्या अतिसिंचनाने काही जमिनी खारवल्या आणि तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ झाले. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पाणीच खोल गेलेले असते. दोन्हीकडे बायकांना पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, एवढ्यावरून कळते.

असे पाणी मशीनमध्ये तीन ठिकाणी घात करते. पहिले ठिकाण म्हणजे पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. टँकरची माती आणि क्षार तिथे अडकतात, पाणी थेंबथेंब येते, मशीन वाट बघत राहते आणि शेवटी चूक दाखवून थांबते. अनेकदा लोक मशीन बिघडले म्हणून कारागिराला बोलावतात. नळ बंद करायचा, पाईप काढायचा, जाळी पक्कडीने ओढून जुन्या टूथब्रशने घासायची, एवढेच काम असते. महिन्यातून एकदा ते घरीच करावे.

दुसरे ठिकाण म्हणजे समोरून दार असलेल्या मशीनचा हीटर. चहाच्या किटलीत बसतो तसा क्षारांचा थर त्यावर बसतो, मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि एक दिवस हीटर जळतो.

तिसरे ठिकाण डोळ्यांना दिसत नाही. जड पाण्यात साबणाचा साका तयार होतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, साका आणखी वाढतो. तो टबाच्या मागच्या बाजूला साचतो, तिथे कायम ओल राहते आणि टब ज्या तीन पायांच्या धातूच्या आधारावर फिरतो तो आधार हळूहळू कुजतो. समोरून दार असलेल्या मशीनला सहाव्या-सातव्या वर्षी पिळताना रेल्वेसारखा आवाज येऊ लागला, तर बहुधा हा आधार किंवा त्याजवळचे बेअरिंग गेलेले असते. पुष्कळ मॉडेलमध्ये बाहेरचा प्लास्टिकचा टब कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो. बेअरिंग काही शेकड्यांचे, पण ते बदलायला अख्खा टब बदलावा लागतो आणि बिल काही हजारांचे होते. तिथेच बहुतेक घरे मशीन काढून टाकायचा निर्णय घेतात.

यावर उपाय फार महाग नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड साधारण १०० ग्रॅम घेऊन मशीन रिकामेच गरम पाण्यावर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा फिरवले तर थर विरघळतो. हीटर नसेल तर गरम पाणी बाहेरून ओतावे. ते ब्लीचिंगच्या पाण्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. शेवटची खळबळणी तरी नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यात झाली तर कपडे आणि मशीन दोघांचेही भले होते. धुणे झाल्यावर दार आणि पावडरचा खण उघडा ठेवावा म्हणजे आतली ओल जाते. घरात लहान मूल असेल तर मात्र दार उघडे ठेवताना मुख्य बटण बंद करून न्हाणीघराला कडी लावावी, कारण मुले त्या गोल दारातून आत शिरू पाहतात.

लहान मुलांच्या कपड्यांचा आणखी एक विषय आपल्या घरांत येतो, तो तहारतचा. नापाक झालेला कपडा इतर कपड्यांबरोबर तसाच मशीनमध्ये टाकावा का, असे अनेक भगिनी विचारतात. मसल्याचा बारकावा आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावा. पण घाण आधी नळाखाली धुऊन काढायची आणि मगच कपडा मशीनमध्ये टाकायचा ही जुन्या बायकांची सवय मशीनलाही फायद्याची आहे. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पंप आणि पाईप अशाच घाणीने तुंबतात. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तर धुण्याचे पाणी साचलेले असते, त्यामुळे नंतर कपडा स्वच्छ पाण्यात खळबळून पिळणे भागच आहे. ड्रायरमध्ये आंघोळीच्या मगाने वरून पाणी ओतून पिळले की भागले, असे मानणाऱ्यांनी एकदा खालून येणारे पाणी बादलीत धरून पाहावे. पहिल्या दोन वेळा ते दुधासारखे पांढरे असते.

आमच्या घरी सेमी ऑटोमॅटिक आहे. २००९ साली ७,८०० रुपयांना घेतलेले. त्याच्या दुरुस्तीची नोंद गॅसच्या पुस्तकाच्या मागे लिहायची सवय अम्मींना होती, म्हणून हिशेब हाताशी आहे. २०१३ मध्ये कंडेन्सर १५० रुपये. २०१५ मध्ये ड्रायरचे सील आणि ब्रेकची तार ४५०. २०१८ मध्ये धुण्याचा टायमर ३५०. २०२१ मध्ये ड्रायरची मोटर १,४००. २०२३ मध्ये खालचा पत्रा गंजला म्हणून फायबरचा तळ आणि स्टँड मिळून ६००. एकूण २,९५० रुपये. सोळा वर्षांत मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी. झाकणाची एक बिजागरी तुटली आहे, ती तशीच आहे.

याच काळात नात्यातल्या एका घरी फुल ऑटोमॅटिक आले. सहाव्या वर्षी, पावसाळ्यात, त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले. तेच मॉडेल बंद झाल्याने कार्ड मागवायला तीन आठवडे लागतील आणि साडेसहा हजार पडतील, असे सांगण्यात आले. घरात पाहुणे, बाळंतीण, आणि तीन आठवडे मशीन बंद. शेवटी ते दीड हजाराला भंगारात गेले. मोटर ठणठणीत होती आणि तिची दहा वर्षांची वॉरंटी अजून चालू होती.

यावरून सेमी ऑटोमॅटिकच घ्यावे असा सल्ला पुष्कळ पुरुष मंडळी देतात. तो अर्धा बरोबर आहे. त्यात कार्ड नाही, नळाच्या दाबाची अट नाही, बादलीने पाणी ओतले तरी चालते. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी असे तीन घाणे निघतात. वजूलाही पाणी जपून वापरावे अशी ज्यांना शिकवण आहे, त्यांना ही बचत सांगायला नको. सुटे भाग तर जवळपास सगळ्या कंपन्यांच्या मशीनना एकमेकांचे चालतात. पण हे मशीन जे टिकते ते घरातल्या बाईच्या पायांवर टिकते. पाणी भरा, टायमर लावा, पंधरा मिनिटांनी या, कपडे उचलून ड्रायरमध्ये टाका, पिळा, परत खळबळा, परत पिळा. अकरा माणसांच्या घरात यात सकाळचे दोन तास जातात. कंबरेचा त्रास असलेली बाई किंवा सातव्या महिन्यातली सून वाकून ओले कपडे उचलत असते, आणि मशीन सोळा वर्षे टिकल्याचे कौतुक बाहेरच्या खोलीत होत असते. टिकाऊपणाचा हिशेब मांडताना हे दोन तास कोणत्या रकान्यात लिहायचे, हे त्या घरातल्या बायकांना विचारून ठरवावे.

फुल ऑटोमॅटिक घ्यायचे ठरले तर घराची तयारी आधी करावी. त्याला पाण्याचा दाब लागतो. टाकी आणि नळ यांत दहा मीटर उंचीचे अंतर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकीचा तळ नळापासून निदान तीन मीटर उंच हवा. पत्र्याच्या घरावर चार फुटांवर ठेवलेल्या टाकीला तो दाब येत नाही. तिथे टाकी उंच करावी किंवा छोटा पंप बसवावा. नळावर गाळ अडवणारा फिल्टर बसवायला काही शे रुपयांपासून खर्च येतो. पाणी मऊ करणाऱ्या कांड्या मिळतात, त्यात वेळोवेळी मीठ भरावे लागते. मीठ न भरता त्या नुसत्या लटकत ठेवणाऱ्या घरांची संख्या कमी नाही.

विजेकडेही पाहावे. दाब कमी झाला की मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि आतली गुंडाळी तापते. असा आवाज आला तर लगेच बटण बंद करावे. दिवे मिणमिणतात अशा गावांत स्टॅबिलायझर हवाच. अर्थिंगबाबत तर हयगय नकोच. न्हाणीघरात ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी आणि ओल्या हातांनी आपण या यंत्राला शिवतो. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर त्या दिवशी ते वापरूच नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. उंदरांचाही बंदोबस्त करावा, कारण खालून आत शिरून वायरी कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग आहे. खालची जाळी मशीनसोबत येते, पण बसवताना ती बहुतेकदा खोक्यातच राहते.

आता दुरुस्तीचा मुद्दा. मशीनचे आयुष्य शेवटी त्याचा सुटा भाग कुठवर मिळतो यावर ठरते, आणि ते कंपनीच्या आयुष्याशीही बांधलेले असते. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. नगर आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांत पहिले रंगीत टीव्ही आणि पहिले वॉशिंग मशीन याच नावाचे आले. जून २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतली. ज्यांच्याकडे या कंपनीचे साधे दोन टबांचे मशीन होते त्यांचे फारसे अडले नाही, बाजारातले टायमर, सील आणि मोटर त्याला बसते. कार्डावर चालणाऱ्या मशीनचे तसे नसते. ज्या मॉडेलचे कार्ड तेच लागते. पुणे रस्त्याने गेलो तर शिरूरच्या पुढे रांजणगावला एलजी आणि हायर या कंपन्यांचे कारखाने दिसतात. पण कारखाना जवळ आहे म्हणून सुटा भाग लवकर मिळेल असे गृहीत धरू नये. तो वेगळ्या साखळीने येतो. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या तालुक्याला त्या कंपनीचा कारागीर कुठून येतो, हे शेजारच्या दोन घरांत विचारावे.

युरोपीय संघाने याबाबत कायदाच केला आहे. १ मार्च २०२१ पासून तिथे वॉशिंग मशीनच्या एखाद्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतरही किमान दहा वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे उत्पादकावर बंधनकारक आहे. त्याआधी जर्मनीच्या पर्यावरण खात्याच्या अभ्यासात दिसले होते की बिघाडामुळे पाच वर्षांच्या आत बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४ मध्ये ३.५ टक्के होते, ते २०१२ मध्ये ८.३ टक्के झाले. म्हणजे पूर्वीच्या वस्तू जास्त टिकत होत्या हे म्हाताऱ्यांचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. घरगुती उपकरणे हा त्यातल्या चार विभागांपैकी एक आहे. कंपन्यांच्या दुरुस्ती केंद्रांची आणि वॉरंटीची माहिती तिथे एकत्र मिळते. युरोपासारखे बंधन यावे अशी मागणी मात्र ग्राहकांनीच लावून धरायला हवी.

लग्नात दिल्या जाणाऱ्या मशीनबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. जहेज देण्या-घेण्याची चालच मुळात बंद व्हावी, हे या आधीही अनेकांनी लिहिले आहे. पण वस्तू दिलीच जाते तेव्हा तिचे काय होते ते पाहा. मशीन निकाहाच्या दोन-तीन महिने आधी घेतात, कारण तेव्हा सूट असते. बिल वडिलांच्या नावावर, मोबाईल नंबर भावाचा. सासरी जागा नाही किंवा आधीचे मशीन चालू आहे म्हणून खोके तसेच माळ्यावर जाते. वॉरंटी मात्र बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, खोके उघडल्यापासून नाही. मुलगी श्रीरामपूरला, बिल नगरला, आणि दीड वर्षाने पहिल्यांदा सुरू केलेले मशीन गळू लागले तर तक्रार नोंदवायला भावाच्या मोबाईलवर येणारा आकडा लागतो. त्याऐवजी सासरच्या घरात पाणी कसले आहे, माणसे किती आहेत, टाकी कुठे आहे, हे विचारून आणि मुलीच्याच नावाने बिल करून, लग्नानंतर सहा महिन्यांनी घेतले तर काय बिघडेल? मुलीच्या हातात रक्कम दिली आणि तिनेच निवडले तर आणखी चांगले. धुणार तीच आहे.

बिल, वॉरंटीचे कार्ड आणि प्रत्येक दुरुस्तीची पावती यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. उष्णतेने छापलेली बिले वर्षभरात कोरी होतात. वॉरंटीत असताना कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

दुरुस्त करायचे की बदलायचे, याचा आमच्या घरातला ठोकताळा साधा आहे. एका दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल आणि टब व तळ शाबूत असतील तर दुरुस्त करायचे. तळ गंजून पाय डगमगू लागले, पाणी मोटरवर ठिबकू लागले किंवा दुसऱ्यांदा करंट जाणवला, तर मग खर्च कितीही कमी सांगितला तरी नाही.

गेलेले मशीन दारावरच्या भंगारवाल्याला दिले तर तो त्याचा बराचसा भाग उपयोगात आणतो. मोटरमधले तांबे, पत्रा, स्टीलचा टब हे सगळे विकले जाते. इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र उघड्यावर जाळू नये. त्यातला धूर घातक असतो, आणि आपल्या वस्त्यांतली लेकरे तिथेच खेळत असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावा, याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवे मशीन घेताना जुने बदलून घेण्याची योजना असेल तर ती त्यासाठी वापरावी. स्टीलचा गोल, भोके असलेला टब मात्र काही घरे ठेवून घेतात. खाली चार विटा लावल्या की बकरीदला कबाब भाजायला त्याची छान शेगडी होते.